एक लढाई, एक वेढा, दोन तह

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांना गाविलगड ओळखीचा आहे. माणूस युद्ध का करतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला या गडापलीकडे जायला नको. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या महिनाभरात, आपल्या परिसरात एक लढाई, एक वेढा आणि दोन तह झाले.

भांडणाची सुरुवात घरात झाली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने पळून जाऊन ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज पदरी बाळगण्याचे मान्य केले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मानवणारा नव्हता. त्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आल्या. बोलणी काही महिने चालली. इंग्रज म्हणत, तुम्ही आधी मागे फिरा. हे म्हणत, तुम्ही फिरा, मग आम्ही फिरू. कंपनीला राज्य वाढवण्याचा लोभ होताच. पण लोभाइतकाच अविश्वासही घातक ठरला. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले.

सप्टेंबरात असईची लढाई झाली. २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलांनी जनरल वेलस्लीशी युद्धबंदी ठरवली. शिंद्यांची फौज ठरलेल्या अंतरावर हटावी, अशी अट होती. ती पाळली गेली नाही आणि अवघ्या सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावला तोफा धडाडल्या. अट पाळली जाते की नाही हे पाहणारा, दोघांनाही मान्य असा तिसरा कोणीच नव्हता.

मग पाळी आली गाविलगडाची. डोंगरातून वाट काढून तोफा गडाच्या उत्तरेला नेल्या गेल्या. १५ डिसेंबरला तट फुटला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्यांचे असंख्य शिपाई मारले गेले. दोनच दिवसांनी देवगावला भोसल्यांनी तह केला. कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, गाविलगड व नरनाळा तेवढे राहिले. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनीही सही केली. त्याच सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि फौजांच्या वावराने तो अधिकच भीषण झाला. तहाच्या कलमांत कास्तकाराचे नाव कुठे नव्हते. झळ मात्र त्यालाच लागली.

या तहांनी शांतता आली का? १८१७ मध्ये नागपूरच्या सीताबर्डीवर भोसले आणि इंग्रज पुन्हा भिडले. जेत्याने लादलेला तह हरलेल्याच्या मनात सलत राहतो. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानंतर वीस वर्षांत युरोपने हेच अनुभवले. वऱ्हाडला तर शांततेच्या काळातही फौजेची किंमत मोजावी लागली. हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चाची बाकी थकली, म्हणून १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. परतवाड्याची वाढही त्याच फौजेच्या छावणीच्या आधाराने झाली.

मग युद्ध टाळायचे कसे? त्याचेही उत्तर याच भूमीत आहे. देवगावच्या तहात हद्द ठरलेली वर्धा नदी गोदावरीच्या खोऱ्यात येते. त्या खोऱ्याच्या पाण्यावरून स्वतंत्र भारतातली पाच राज्ये भांडली. पूर्वी एवढ्या कारणावरून घोडदळे निघाली असती. आता १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९८० मध्ये त्याचा निवाडा आला. अकरा वर्षे गेली, कुरबुरी आजही आहेत; पण त्या पाण्यासाठी या राज्यांनी एकमेकांवर फौजा धाडल्या नाहीत.

ही राज्ये १८०३ च्या सरदारांपेक्षा अधिक सज्जन आहेत, असे नाही. त्यांच्या डोक्यावर दोघांनाही बांधील असणारा कायदा आहे, एवढाच फरक. राष्ट्राराष्ट्रांमध्ये असा पंच अजून दुबळा आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघात पाच बड्या राष्ट्रांपैकी कोणीही एक नकार देऊन सुरक्षा परिषदेचा ठराव अडवू शकते. माणसाचा स्वभाव बदलण्याची वाट पाहत बसलो, तर फार उशीर होईल. पंचाला बळ देणे मात्र आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)