‘हे मशीन बंद करू नका’ ते ‘सर्व्हर आहे तरी कुठे?’ : वेबसाईट लाइव्ह करण्याची गोष्ट

तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वेबसाईट बनवली असेल, तर कोड गिटहबवर ढकलला, दोन मिनिटं थांबलात आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत, एवढंच केलं असेल. सर्व्हर कुठे आहे, तो कोण चालू ठेवतो, हा प्रश्न मनात आलाही नसेल. पण एक काळ असा होता की सगळी चिंता त्या एकाच प्रश्नाची होती.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाईट स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत एका नेक्स्ट कंप्युटरवर चालायची. त्या डब्यावर एक कागद चिकटवला होता, त्यावर लाल शाईने सूचना : हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका! कारण साधं होतं. घरी जाताना कुणी सवयीने बटण दाबलं असतं, तर जगातली एकमेव वेबसाईट गेली असती.

मग फाईली त्या मशीनवर पोचवायच्या कशा? त्यासाठी एफटीपी होतं, आणि ते वेबपेक्षा वीस वर्षांनी जुनं. १९७१ च्या एप्रिलमध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा हा विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता इथे जरा थांबूया, कारण पुढची अर्धी गोष्ट एफटीपीच्या एका खोडीतून निघते. समजा तुमच्या साईटच्या दोनशे फाईली आहेत. तुम्ही एकेक करून चढवताय आणि शंभराव्या फाईलला लाईन गेली. आता साईट अर्धी नवी, अर्धी जुनी. पान नवं, त्याची स्टाईल जुनी. आणि मागे जायचं तर जुन्या फाईली कुठे आहेत? कुणीतरी ‘फायनल’, ‘फायनल-२’ असे फोल्डर करून ठेवले असतील तर नशीब.

हा फक्त हौशी लोकांचा प्रॉब्लेम नव्हता. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या बड्या कंपनीने नवा कोड चढवला होता. सर्व्हर आठ. माणसाने हाताने सात सर्व्हरवर कोड टाकला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं वापरात नसलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडमधल्या एका खुणेने नेमका तोच जागा झाला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात कंपनीचं नुकसान ४४ कोटी डॉलरच्या वर गेलं. पुढच्या वर्षी ती गेटको नावाच्या कंपनीत विलीन झाली. ही वेबसाईट नव्हती, मान्य. पण डिप्लॉय म्हणजे किरकोळ शेवटचं काम, असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगतो.

आता दुसरा धागा. १९९३ मध्ये सीजीआय आलं. तुम्ही पानावर बटण दाबलंत की सर्व्हर एक छोटा प्रोग्रॅम सुरू करायचा, तो उत्तर द्यायचा आणि संपायचा. पुढच्या माणसासाठी पुन्हा नव्याने सुरू. नीट ऐका : मागणी आली की जागा हो, काम कर, मर. आज सर्व्हरलेस म्हणून जे सांगतात, त्याचा सांगाडा हाच. फरक असा की तेव्हा तो प्रोग्रॅम झोपलेला असतानाही खालचं मशीन तुमच्या भाड्याचं होतं. महिनाभर कुणी साईटवर फिरकलं नाही तरी बिल यायचंच.

भाड्याचं हे गणित बदलायचा प्रयत्न २००६ मध्ये दोन जागी झाला. ॲमेझॉनने मार्चमध्ये फाईली साठवायची एस-थ्री सेवा काढली आणि ऑगस्टमध्ये ताशी १० सेंट दराने भाड्याचं मशीन देणारी ईसी-टू. ही गोष्ट सगळे सांगतात. दुसरी कुणी सांगत नाही. लंडनमध्ये कॅननच्या मालकीची फोटॅंगो नावाची कंपनी होती. तिथे सायमन वॉर्डली यांच्या टीमने झिमकी नावाची सेवा उभी केली : तुम्ही फक्त जावास्क्रिप्ट लिहा, मशीनचं आम्ही बघतो, आणि वापराल तेवढेच पैसे द्या. २००६ साली! पण वरच्या मालकांना त्यात रस उरला नाही आणि २००७ संपता संपता ते बंद पडलं. माझं मत विचाराल तर, कल्पना लवकर येणं आणि उशिरा येणं यात धंद्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

२००७ मध्ये हेरोकू आलं. ‘गिट पुश’ केलं की साईट लाइव्ह, ही सवय जगाला लावली ती हेरोकूने. २००८ मध्ये गूगलचं ॲप इंजिन आलं. सुरुवातीला फक्त पायथन चालायचं आणि डिस्कवर फाईल लिहायची सोय नव्हती. लोक वैतागले, तरी फुकट होतं म्हणून रमले. मग २०११ मध्ये गूगलने दर बदलले आणि कित्येकांचं बिल एकदम फुगलं. तिथून उठून दुसरीकडे जाणंही सोपं नव्हतं, कारण कोड त्याच घराच्या मापाने शिवलेला. हेरोकूचा मोफत प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, तेव्हा हेच दुखणं नव्या पिढीने अनुभवलं.

पण हेरोकूच्या लोकांनी एक टिकाऊ गोष्ट दिली. ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास चांगल्या ॲपचे बारा नियम लिहून काढले. त्यातला एक : कॉन्फिगरेशन कोडमध्ये ठेवायचं नाही, बाहेर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची किल्ली, सगळं बाहेर. आज प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये जो ‘व्हेरिएबल्स’चा रकाना दिसतो, तो इथून रूढ झाला. एक सांगून ठेवतो. नेक्स्ट-जेएसमध्ये ज्या व्हेरिएबलच्या नावाआधी ‘नेक्स्ट पब्लिक’ लावता, त्याची किंमत बिल्डच्या वेळीच ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये छापली जाते. म्हणजे दोन गोष्टी : तिथे गुपित ठेवायचं नाही, आणि किंमत बदललीत तर पुन्हा डिप्लॉय करायचं. नुसतं सेव्ह करून काही होत नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केलं. सीजीआयचा तोच सांगाडा, पण आता मीटर तुमचा प्रोग्रॅम चालेल तेवढाच वेळ फिरणार, १०० मिलिसेकंदांच्या हिशोबाने. पुढे २०२० च्या शेवटी तो हिशोब १ मिलिसेकंदावर आला. झोपलेल्या प्रोग्रॅमचं भाडं शून्य. बदल्यात काय? झोपेतून उठायला लागणारा वेळ, ज्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरने वर्कर्स जाहीर केले. क्रोम ब्राउझरमधलंच व्ही-एट इंजिन त्यांनी सर्व्हरवर वापरलं आणि ही जाग बरीच सोपी केली.

आणि एफटीपीची ती खोडी? ती मोडली नेटलिफायने, असं मी म्हणेन. मथियास बिलमान आणि ख्रिश्चन बाख यांची ही कंपनी. त्यांची रीत अशी : प्रत्येक डिप्लॉय म्हणजे साईटची संपूर्ण नवी प्रत, तिला स्वतःचा वेगळा पत्ता. सगळ्या फाईली पोचल्या की मगच मुख्य नाव त्या प्रतीकडे वळवायचं, एका झटक्यात. बिघडलं? नाव पुन्हा कालच्या प्रतीकडे. अर्धवट अवस्था नाहीच. अर्जेंटिनाचे गिलेर्मो राउख यांच्या झाइट कंपनीने २०१६ मध्ये टर्मिनलात ‘नाऊ’ एवढाच शब्द टाईप करून असंच करून दाखवलं. ती कंपनी २०२० पासून व्हर्सेल म्हणून ओळखली जाते.

तुम्हाला एक अडचण नक्की आली असेल. रिॲक्टची साईट चढवली, घरचं पान उघडतं, पण आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४. त्या नावाची फाईल सर्व्हरवर नसतेच, रस्ते सगळे ब्राउझरमधल्या कोडला माहीत. म्हणून कॉन्फिगमध्ये एक नियम लिहावा लागतो : जे सापडणार नाही ते इंडेक्स पानाकडे पाठव. अपाचेच्या काळात हाच नियम एचटी-अ‍ॅक्सेस फाईलमध्ये लिहायचे, आता नेटलिफायच्या रीडायरेक्ट्स फाईलमध्ये किंवा व्हर्सेलच्या जेसनमध्ये लिहितात.

आता पैशाचं. भाडं शून्यापासून सुरू होतं, हे खरं. पण वर छप्पर होतं का? २०२४ च्या फेब्रुवारीत नेटलिफायच्या मोफत प्लॅनवरच्या एका साध्या, स्थिर साईटच्या मालकाला सुमारे १ लाख ४ हजार डॉलरचं बिल आलं. साईटवर एक गाण्याची फाईल होती, तिच्यावर कुणीतरी मुद्दाम ट्रॅफिकचा मारा केला होता. जुन्या काळी एवढ्या गर्दीत सर्व्हर कोसळला असता आणि विषय संपला असता. इथे कोसळायला काही नव्हतंच, म्हणून मीटर फिरत राहिलं. त्या माणसाने नेटवर बोभाटा केला, मग बिलमान यांनी स्वतः बिल माफ केल्याचं जाहीर केलं. बोभाटा झाला नसता तर काय, हे तुम्हीच ठरवा. तोवर तुमच्या प्लॅटफॉर्मच्या बिलिंग पानावर जाऊन खर्चाची मर्यादा आहे का बघा आणि कार्ड जोडण्याआधी ती लावून घ्या.

राहिला तो पहिला प्रश्न, सर्व्हर आहे तरी कुठे? ॲमेझॉनची डेटा सेंटर्स मुंबईत २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याआधी आपल्याकडची कित्येक ॲप्स सिंगापूरहून चालायची. तुम्हाला आत्ता फोनवर बघायचं असेल तर क्लाउडफ्लेअरवर असलेली कुठलीही साईट उघडा. पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘सीडीएन-सीजीआय’, पुन्हा स्लॅश आणि ‘ट्रेस’ असं लिहा. कोऱ्या पानावर काही ओळी येतील. त्यात ‘कोलो’पुढे विमानतळाचा तीन अक्षरी कोड असेल. ‘बीओएम’ दिसला तर तुमची मागणी मुंबईत उतरली, ‘एसआयएन’ दिसला तर सिंगापूरला. आणि त्या पत्त्यात मधोमध ते १९९३ चं सीजीआय अजून बसलेलं दिसेल.