पडलेला दात आणि हादरलेला मेंदू

ग्वाल्हेरला गेलो की आमचा मुक्काम हरिशंकरपुरममध्ये, नातेवाइकांकडे. गेल्या खेपेस तिथून कॅप्टन रूपसिंह स्टेडियम पाहून आलो. रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे बंधू, शिंद्यांच्या सैन्यातले अधिकारी. मैदान मूळचे हॉकीचे, पण लोकांना आठवते ते सचिनचे २०१० सालचे द्विशतक.

मला मात्र तिथे बर्लिन आठवले. १५ ऑगस्ट १९३६, ऑलिंपिकचा अंतिम सामना. जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंदांचा दात पडला. उपचार घेऊन ते परत खेळायला उतरले. भारत ८-१ ने जिंकला. रूपसिंहही त्या संघात होते. ही शौर्यकथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. दात पडलेला दिसतो. त्याच टकरीत मेंदूही हादरला होता का, हे कुणी विचारले?

आपला संदीप पाटील घ्या. १९८१ साली सिडनीला लेन पास्कोचा चेंडू डोक्यावर आदळला. हेल्मेट नव्हते. ६५ धावांवर त्याला मैदान सोडावे लागले, तरी दुसऱ्या डावात तो फलंदाजीला आला! पुढच्याच कसोटीत त्याने ॲडलेडला १७४ धावा केल्या. आपल्याला त्या १७४ पाठ आहेत, सिडनीचा धोका नाही.

उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकीत असे धक्के खेळाचाच भाग. डेरेक बूगार्ड हा मारामारीसाठीच प्रसिद्ध असलेला खेळाडू २०११ साली, अवघ्या २८ व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे गेला. तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा आजार आढळला. २०१३ साली माजी खेळाडू नॅशनल हॉकी लीगविरुद्ध कोर्टात गेले: धोका ठाऊक असून आम्हाला सांगितला नाही, असा त्यांचा आरोप होता. २०१८ साली सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरांवर तडजोड झाली. लीगने जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

मग जबाबदारी कोणाची? खेळाडू स्वतःच खेळायला तयार होता, असे म्हणून हात झटकता येतात. पण तो निर्णय घेतो कशाने? ज्याला मार बसला त्याच मेंदूने! म्हणून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार तटस्थ डॉक्टरकडे हवा, आणि तो अधिकार देण्याचे कर्तव्य तिकिटांचा पैसा घेणाऱ्यांचे. क्रिकेटने २०१९ साली अशा वेळी बदली खेळाडू देण्याचा नियम केला, हे बरेच झाले.

थोडी जबाबदारी आपलीही आहे. पडलेल्या दाताची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. फक्त शेवटी एवढे जोडावे, की डोक्याला मार लागला तर बाहेर बसणे हा भित्रेपणा नव्हे.