अक्राणी महालाच्या इतिहासाचीं साधनें

उत्तरेस नर्मदा व दक्षिणेस शहादें-तळोद्याचें सपाट खोरें यांच्या मध्यें सातपुड्याचा जो उंच मुलूख आहे त्यास अक्राणी महाल असें म्हणत. धडगांव हें त्याचें ठाणें. सन १९९८ च्या १ जुलैस धुळें जिल्हा विभागला गेला, तेव्हांपासून हा तालुका नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. तोरणमाळचें पठार व चार हजार फुटांहून उंच असें अस्तंब्याचें शिखर ह्याच मुलखांत आहे. वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल यांची. घरची बोली पावरी अथवा भिली. मराठी ही कचेरीची व शाळेची भाषा.

पुण्यास, बिबवेवाडीसारख्या जागीं बसून लिहिणाऱ्यास प्रथम मोडी रुमालच आठवतो. परंतु सरकारी कागद, मग तो मराठी असो वा इंग्रजी, डोंगरी मुलखाकडे दोनच वेळां पाहतो : वसुली थकली म्हणजे आणि वाट अडली म्हणजे. अशा कागदांवरून अंमलदारांचा इतिहास होईल, अक्राणीचा होणार नाहीं.

पेरूच्या पहाडी मुलखांतील आयमारा भाषेचा कोश तितिकाका सरोवराकाठच्या जुली गांवीं इ. स. १६१२ मध्यें बेर्तोनिओ नामक जेझुइटानें छापविला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १६१६ त, स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण गोव्यांत राचोल येथें छापून निघालें. पावरीचे नमुने मात्र ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणांत १९०७ सालीं आले. त्यांतही सर्वेक्षणानें सर्वत्र भाषांतरास दिलेली कथा बायबलांतील उधळ्या पुत्राची! पावऱ्याच्या तोंडीं परक्याची गोष्ट घालून त्याच्या भाषेची परीक्षा झाली. त्याची स्वतःची गोष्ट कागदावर यावयाची राहिलीच.

ती गोष्ट अशी कीं, आपण मूळचे पावागडचे. मुसलमानांनीं गड घेतल्यावर पूर्वेस आलों. महंमद बेगड्यानें चांपानेर-पावागड घेतला तो १४८४ त. पावरी गुजराथी व निमाडाकडील बोलींस जवळची आहे, हें पश्चिमेकडून आल्याच्या कथेस पोषक होय. पण भाषेवरून वाट कळते, कुळ कळत नाहीं. छोटा उदेपूरचें राजघराणेंही पावागडच्या चव्हाणांपासून आपली उत्पत्ति सांगतें. वाटेवरच्या राजाची कथा प्रजेनें उचलली असणें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. तथापि ‘पावरा’ हें नांव पावागडावरून आलें कीं नांवावरून पावागड सुचला, ह्याचा निर्णय जुनीं गाणीं जमल्याखेरीज होणें नाहीं.

अस्तंब्याचेंही तसेंच. दिवाळीच्या सुमारास तेथें यात्रा भरते व शिखर अश्वत्थाम्याचें मानतात. महाभारताचा संबंध शिष्टांनीं मागून जोडला, असें एका वाक्यांत म्हणून मोकळें होणें सोपें आहे. चढणारे भाविक कोणतें नांव घेतात, नवस कोणत्या शब्दांत बोलतात, हें टिपलें पाहिजे.

राजवाड्यांनीं ग्रामनामांवरून वसाहतीचा माग काढण्याची वाट घालून दिली आणि त्यांचा देह १९२६ त खानदेशांतच, धुळ्यास पडला. त्या वाटेनें अक्राणींत जाण्याची निकड आतां वाढली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्राणी व अक्कलकुवा ह्या दोन तालुक्यांतील ३३ गांवें पूर्णतः वा अंशतः आलीं, धरण १३८.६८ मीटर उंचीस नेऊन २०१७ त पुरें झालें. गांवाचें नांव सरकारी यादींत राहील. ओढ्याचें, शेताचें, वाघदेवाच्या जागेचें नांव कोणत्याच यादींत नव्हतें. खालीं वसविलेल्या गांवांतून तीं नांवें जाणणारीं वृद्ध माणसें जोंवर आहेत, तोंवर प्रत्येक नांव त्यांच्या उच्चाराप्रमाणें देवनागरींत उतरावें, आवाजही मुद्रित करावा, आणि सांगणाराचें मूळ गांव व दिवस हीं शेजारीं नोंदावीं. पोथीवर लेखक व शक पाहतों तसेंच हें.