चार लायसन्स, पाचवा माणूस

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या डिझाइन खोलीत मी बरीच वर्षं काढली. संगणक सात आणि सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची लायसन्स चार. पाचव्यानं क्लिक केलं की पडद्यावर चौकट यायची: ठरलेली संख्या भरली आहे, एरर वजा चार. मग आरोळी, "कोण बसलाय रे? बाहेर पड की!" एकदा चौघांतला एकजण प्रोग्रॅम उघडा ठेवून जेवायला गेला. साच्यात रायजर, म्हणजे जादा धातूचा साठा, कुठं बसवायचा हे मला सांगायचं होतं आणि पॅटर्न शॉपचे मिस्त्री हातात फूटपट्टी घेऊन दारात उभे. चाळीस मिनिटं ते तसेच थांबले. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

माणसांची ही ठरलेली संख्या आली कुठून, हे तेव्हापासून शोधत आलो.

सुरुवातीला ही मर्यादा यंत्राच्या ताकदीची होती. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. अवाढव्य संगणक एकच, पण अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरायचा. त्यासाठी आधी 'लॉगिन' ही आज्ञा द्यायची. पुढं तीसेक माणसं बसली की जागा संपायची, कारण यंत्राला त्याहून जास्त पेलायचं नाही. १९६९च्या जूनमध्ये आयबीएमनं सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं, आणि विकताना मोजायचं काय हा प्रश्न उभा राहिला. बसलेली माणसं मोजणं सोपं होतं. यंत्राची मर्यादा अशी करारात शिरली. आयबीएमच्याच एआयएक्स प्रणालीत लायसन्सचा आकडा भरला की सगळी लॉगिन सत्रं वापरात आहेत असा संदेश येई, मग यंत्रात कितीही दम शिल्लक असो. १९९६च्या विंडोज एनटी वर्कस्टेशन ४.०च्या करारात बाहेरून एका वेळी दहाच जोडण्यांची मुभा होती.

ऐंशीच्या दशकात टेबलाटेबलावर वर्कस्टेशन आली. महागडं सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रावर घ्यायचं आणि दिवसातून दोन तास वापरायचं, हे परवडेना. म्हणून अनेकांत फिरणारं फ्लोटिंग लायसन्स निघालं. १९८८चं फ्लेक्सएलएम हा त्यातला सर्वांत पसरलेला कारभारी. आमच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला तो समजायला वेळ लागत नाही, कारण त्याचं काम पाटकऱ्याचं. पाणी तेवढंच, शेतं जास्त. ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं. लायसन्सची फाइल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या बारा अक्षरी क्रमांकाला बांधलेली असते. वर्कस्टेशन लायसन्स मागतं, सर्व्हर एक वजा करून देतो, प्रोग्रॅम बंद झाला की परत जमा करतो. काम न करता नुसतं अडवून बसलेल्याकडून ते काढूनही घेता येतं, पण त्यासाठी फ्लेक्सएलएमच्या ऑप्शन्स फाइलमध्ये टाइमआउटची ओळ लिहावी लागते, आणि ती मुदत सहसा पंधरा मिनिटांच्या आत नेता येत नाही. आमच्याकडं ती ओळच कुणी लिहिली नव्हती. मी लिहिली, नऊशे सेकंदांची. जेवणाच्या सुट्टीतली आरोळी त्या आठवड्यात थांबली.

आता वारं उलटं फिरलंय. २०२०मध्ये ऑटोडेस्कनं अनेकांत फिरणारी लायसन्स बंद करत आणली आणि अशा एकाच्या बदल्यात नावावरची दोन देऊ केली. नावावरचं म्हणजे ज्याचं नाव त्यानंच बसायचं. ज्या कचेरीत सगळे सकाळी दहाला येतात, तिथं हे चालेल. पण फाउंड्री पाळ्यांमध्ये चालते, आणि दोन पाळ्यांना मिळून एक जागा पुरते हाच छोट्या कारखानदाराचा जमाखर्च असतो. पाटाचं पाणी रानाला मिळतं, त्या दिवशी दारं धरायला थोरला गेला की धाकटा, हे कुणी विचारत नाही. लायसन्सही खुर्चीलाच असावं असं मला मनापासून वाटतं.

परवा जुन्या खोलीत गेलो होतो. पहिल्या पाळीचा मुलगा फाइल सेव्ह करून प्रोग्रॅम बंद करत होता आणि दुसरीचा त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "झालं, बस," असं म्हणून तो डबा घेऊन निघाला.