मनू गांधींची रोजनिशी : १९४३ ते १९४८

मनू गांधी हिने एप्रिल १९४३ मध्ये रोजनिशी लिहायला घेतली तेव्हा तिला पंधरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि सरकारच्या कैदेत होती. पुण्यात येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि त्यांचे निकटचे सहकारी ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध होते. मनू ही गांधीजींचे पुतणे जयसुखलाल यांची मुलगी. आई लहानपणीच गेल्यामुळे कस्तुरबांनी तिला सेवाग्रामला आपल्याजवळ ठेवून घेतले होते. ‘चले जाव’ चळवळीत तीही पकडली गेली. पुढे कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी मार्च १९४३ मध्ये तिला नागपूरच्या तुरुंगातून पुण्याला आणण्यात आले.

गुजरातीत लिहिलेल्या या पहिल्या वह्यांत राजकारण फारसे नाही. कस्तुरबांना तेल चोळणे, स्वयंपाक, सूतकताई, भजने आणि अभ्यास हे त्यांतले विषय. मनूचे शिक्षण अर्धवट सुटले होते, म्हणून व्याकरण, भूमिती, भूगोल हे विषय कैदेतल्या मोठ्यांनी तिला शिकवायला घेतले. रोजनिशी हाही त्या शिक्षणाचाच भाग होता. गांधीजी ती वाचत, दुरुस्त्या सुचवत आणि समासात ‘बापू’ अशी सही करत. लिहिणारीला आपला वाचक कोण हे रोज ठाऊक होते, ही गोष्ट या वह्यांचे मोल ठरवताना सुटता कामा नये. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्यानंतर मनू वडिलांकडे कराचीला परतली.

रोजनिशीचा खरा ऐतिहासिक भाग डिसेंबर १९४६ पासून सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालच्या नोआखालीत हिंदूंवर भीषण अत्याचार झाले होते आणि गांधीजी तिथल्या श्रीरामपूर गावात मुक्काम करून होते. १९ डिसेंबरला मनू तिथे पोचली. त्याआधी दहाच दिवस, ९ डिसेंबरला, दिल्लीत संविधान सभेची पहिली बैठक भरली होती. जानेवारीच्या आरंभी गांधीजींची गावोगावची पदयात्रा सुरू झाली. सात आठवड्यांत ४७ गावे झाली आणि सुमारे ११६ मैलांची वाट तुडवली गेली. मालिश, स्नानाचे पाणी, जेवण, पत्रांच्या नकला, सामानाची बांधाबांध ही सगळी कामे मनूकडे होती.

याच यात्रेत गांधीजींचा पाय घासायचा दगड मागच्या गावी एका विणकराच्या घरी राहिला. तो आणायला गांधीजींनी मनूला एकटीला परत पाठवले. नारळी-पोफळींच्या दाट बनातून वाट होती आणि भाग दंगलग्रस्त. सोबत कोणाला न्यायची परवानगी नव्हती. त्या घरच्या म्हातारीने दगड टाकून दिला होता. मनूने तो शोधून आणला आणि रडवेली होऊन गांधीजींपुढे ठेवला. निर्भयतेशिवाय स्वराज्य पोकळ आहे, ही गांधीजींची शिकवण एका मुलीला किती कठोरपणे पेलावी लागली, हे या प्रसंगातून कळते.

त्याहून अवघड भाग ब्रह्मचर्याच्या प्रयोगाचा आहे. गांधीजी मनूसह एकाच अंथरुणावर झोपत आणि त्याला यज्ञ म्हणत. निकटच्या माणसांना हे पटले नाही. दुभाषे निर्मलकुमार बोस आणि लघुलेखक परशुराम त्यांच्यापासून दूर झाले. गांधीजींचे जुने सहकारी ठक्करबापा यांनी येऊन समजूत घातल्यावर मनूने प्रयोग थांबवायला संमती दिली. रोजनिशीत तिची श्रद्धा अढळ दिसते. पण वही रोज गांधीजींच्याच नजरेखालून जात होती. या लिखाणावरून तिच्या मनाचा अखेरचा निर्वाळा देणे धाडसाचे ठरेल.

मार्च १९४७ मध्ये मुक्काम बिहारला हलला. मे महिन्यात पाटण्याला मनूवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि लगेच ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली. १५ ऑगस्टला दिल्लीत सत्तांतराचा सोहळा चालू असताना मनू कलकत्त्यात बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये होती. तिथे गांधीजींनी तो दिवस उपवास, प्रार्थना आणि सूतकताईत घालवला. १ ते ४ सप्टेंबरचा उपवास आणि पुढे दिल्लीतला १३ ते १८ जानेवारी १९४८ चा उपवास, दोन्ही वेळी ती सेवेत होती. नव्या राष्ट्राच्या राजधानीत शांतता टिकवायला एका वृद्धाला देह पणाला लावावा लागला, हे तिने जितक्या जवळून टिपले तितके फार थोड्यांना टिपता आले.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि प्रार्थनेला उशीर झाला. गांधीजी एका बाजूला मनू आणि दुसऱ्या बाजूला नात्यातली सून आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून निघाले. वाटेत आडव्या आलेल्या नथुराम गोडसेला मनूने थांबवू पाहिले. त्याने तिला ढकलले, तिच्या हातातली माळ, वही आणि पिकदाणी खाली पडली आणि तीन गोळ्या सुटल्या.

मनूने पुढे या काळावर गुजरातीत पुस्तके लिहिली. ‘बापू, मारी मा’ हे त्यांतले सर्वांत परिचित. १९६९ मध्ये, चाळिशीच्या आसपास, तिचे निधन झाले. आगाखान पॅलेसमधल्या वह्यांचा त्रिदीप सुहृद यांनी संपादित केलेला इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.