वैतरणेच्या नावाची बोट

पालघर जिल्ह्यातील वैतरणा अर्नाळ्याच्या बेटाजवळ समुद्राला मिळते. तिचे नाव घेतलेली एक आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईकडे निघाली आणि वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत नाहीशी झाली. बोटीवर सातशेहून अधिक माणसे होती. त्यांतले कोणीही परतले नाही. शोधासाठी गेलेल्या आगबोटींच्या हाती एक फळकूटही लागले नाही.

१८८५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधलेल्या या बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. कप्तान होते हाजी कासम. द्वारकेला आणखी उतारू चढले. पुढे पोरबंदरला उतारू घेता आले नाहीत. मांगरोळच्या आसपास बोट शेवटची दिसली. जीवरक्षक होड्या व जॅकेटे पुरेशी नव्हती, असे नंतरच्या चौकशीत निघाले. गुजरातीत तिच्यावर लोकगीते रचली गेली आणि ती आजही गायिली जातात. जिच्यावरून तिला नाव मिळाले त्या नदीच्या काठी मात्र तिचा उल्लेख क्वचितच कानी येतो. पुराणातली वैतरणा मृतांना ओलांडावी लागते. या वैतरणेवरच्या माणसांना ना दहन मिळाले, ना दफन.

बुडालेल्या जहाजांची स्मशानभूमी जपता येते, याचे उदाहरण अमेरिकेत ह्युरॉन सरोवरात आहे. तेथील थंडर बे परिसराला २००० साली राष्ट्रीय संरक्षण मिळाले. शंभराच्या आसपास ज्ञात जहाजे तेथे तळाशी आहेत. पाणबुडे खाली उतरून ती पाहतात, पण खिळाही उचलायचा नाही, असा नियम आहे. पाणी गोडे आणि थंड असल्याने समुद्रात लाकूड पोखरणारे किडे तेथे जगत नाहीत. म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे लाकडी सांगाडे अजून टिकून आहेत.

आपला समुद्र खारा, उबदार आणि गढूळ. उघडे पडलेले लाकूड त्यात फार टिकत नाही. उरते ते न कुजणारे. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी सापडली. सेंट जॉर्ज खडकाजवळ तर जहाजाचा सांगाडा मिळालाच नाही. मिळाली ती बासेल मिशनच्या कारखान्याची कौले. त्यांवरच्या १८६५ या आकड्यावरून ते जहाज त्या सालाच्या आधीचे नाही, एवढे नक्की झाले. द्वारकेच्या समुद्रातही शंभराहून अधिक दगडी नांगर नोंदले गेले आहेत. जहाज गेले तरी त्याचा माल आणि नांगर बोलतात.

मग आपल्या किनाऱ्याचे काय? प्राचीन सोपारा बंदर याच जिल्ह्यात आहे. अर्नाळा, माहीम-केळवे, तारापूर, डहाणू अशी दुर्गांची आणि बंदरांची रांग आहे. १७३९ मध्ये तारापूरचा कोट जिंकताना मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. तो कोट आपण पाहतो, पण त्याच्यासमोरच्या पाण्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहत नाही. आता तारापूरच्या उत्तरेला वाढवण बंदर उभे राहत आहे. त्यासाठी समुद्रात १४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. अशा भरावाखाली जे जाईल ते पुन्हा सापडणार नाही.

भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. समुद्रतळावरच्या वारशासाठी युनेस्कोने २००१ मध्ये करार केला, पण आपण त्यात सामील झालेलो नाही. तरीही दोन कामे कमी खर्चात होऊ शकतात. बंदरासाठी समुद्रतळाची जी मोजणी होते, तिची माहिती पुरातत्त्व अभ्यासकांना मिळावी. आणि सातपाटी, डहाणू, वरोरच्या कोळी बांधवांना विचारावे, की तुमची जाळी तळाला नेमकी कुठे कुठे अडकून फाटतात. ज्या जागा ते पिढ्यान्‌पिढ्या टाळत आले, त्यांची अक्षांश-रेखांशांसह एक वही तयार व्हावी. त्यांतल्या बहुतेक जागी नुसता खडक निघेल. पण एखाद्या ठिकाणी बॉयलर, नांगर किंवा कौलांचा ढीग निघाला, तर ज्यांची नावे कुणी घेत नाही अशा खलाशांना निदान एक पत्ता मिळेल.