राउटरमधली ‘कमांड इंजेक्शन’ त्रुटी: घरातल्या डब्याचा ताबा दुसऱ्याकडे कसा जातो?

वारिसपुरा असो की येरखेडा, कामठीतल्या बऱ्याच घरांत आज भिंतीवर एक छोटा डबा लुकलुकत असतो. मुलांचा अभ्यास, दुकानाचे यूपीआय, आखातात कामाला गेलेल्या भाईजानचा व्हिडिओ कॉल, सगळे त्यातूनच जाते. पण नेट बंद पडेपर्यंत आपण त्याच्याकडे बघतही नाही.

ही त्रुटी म्हणजे काय?

राउटर हा छोटा संगणकच. बहुतेक राउटरमध्ये लिनक्स चालते आणि त्यातल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर लाइन तपासायला ‘पिंग’चा रकाना असतो. त्यात आपण वेबसाइटचा पत्ता टाकतो आणि फर्मवेअर तो लिनक्सच्या आदेशात जोडते. लिनक्समध्ये अर्धविराम (;) म्हणजे एक आदेश संपला, दुसरा सुरू. कोणी पत्त्यापुढे अर्धविराम देऊन स्वतःचा आदेश लिहिला आणि फर्मवेअरने तपासणी केली नाही, तर राउटर तोही निमूटपणे पाळतो. चेकवर रकमेपुढे रेघ ओढली नाही तर कोणीही आकडा वाढवू शकतो, तसेच हे.

प्रत्यक्षात काय घडले?

टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमध्ये देश निवडण्याच्या रकान्यातच अशी त्रुटी निघाली (सीव्हीई-२०२३-१३८९). लॉगिन न करताही तिचा वापर करता येत होता. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्त फर्मवेअर दिले. तरी एप्रिलमध्ये ‘मिराई’ बॉटनेटने अपडेट न केलेले राउटर ताब्यात घ्यायला सुरुवात केली.

आपल्या देशातही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. तिथे कारण वेगळे होते: कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड ग्राहकांनी बदललाच नव्हता.

आपले नुकसान काय?

हल्लेखोर आपल्याला बँकेऐवजी बनावट साइटवर नेऊ शकतो. आपल्या कनेक्शनवरून दुसऱ्यांवर हल्ले किंवा फसवणूक करू शकतो. तेव्हा कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारपूस त्याच्याकडेच. आपला काही दोष नसताना अब्बूंना सायबर पोलिसांसमोर खुलासा द्यावा लागू शकतो.

काय करावे?

१. राउटरच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. त्या पानावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून फर्मवेअर अपडेट करा. राउटर नेटवाल्याने दिला असेल तर त्याला अपडेट करायला सांगा.

२. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि सेटिंगचा (अॅडमिन) पासवर्ड वेगळा. दोन्ही बदला.

३. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवा.

४. कंपनीने अपडेट देणे थांबवलेले मॉडेल असेल तर राउटर बदला. जुना विकत घेताना हे आधी बघा.

लक्षात ठेवा, राउटर बंद-चालू केल्याने मिराईसारखा मालवेअर निघून जातो, पण त्रुटी तशीच राहते. तो पुन्हा शिरतो. नुसता पासवर्ड बदलूनही आर्चरसारखी त्रुटी बुजत नाही. तिच्यावर इलाज अपडेटच.

भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट काढण्याची साधने मोफत मिळतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

या जुम्म्याला घरी निवांत असाल तेव्हा दहा मिनिटे काढा आणि तो डबा एकदा उलटा करून स्टिकर वाचा.